वालातल्या कोळ्याचं शास्त्रीय अस्तित्व

जगातला कोणताही जीव मेल्याशिवाय शास्त्राच्या दृष्टीने जन्माला येत नाही. आधी त्याने स्पिरिटच्या बाटलीत पडावं, मग त्याच्यावर शोधनिबंध छापून यावा. तोवर तो नुसताच जगत असतो, आणि नुसत्या जगण्याला शास्त्रात स्थान नाही.

पेणजवळच्या एका गावात, काशीबाईंच्या वालाच्या शेतात, चार मिलिमीटरचा एक कोळी कित्येक पिढ्या असा नुसताच जगत होता. वालावरच्या अळ्या खाणं एवढाच त्याचा उद्योग. रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. कमळाकरांनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे पाणावले. (एका निबंधावाचून त्यांची बढती सहा वर्षं अडली होती.)

"नवा कुटला? आमी ल्हानपनापासून बगतो याला," काशीबाई म्हणाल्या.

"बघितलात काकी, पण शोधला नाहीत," कमळाकर म्हणाले.

कोळ्याची ओळख तोंडावरून पटत नाही, त्यावर आठ डोळे असले तरी. ती जननेंद्रियांवरून पटते, आणि ही तपासणी मरणोत्तर करावी लागते. जिवंतपणी सहकार्य मिळत नाही. म्हणून एक नर आणि एक मादी घेतली. निबंध तपासणाऱ्या पहिल्या परीक्षकाने कळवलं, नमुने अपुरे. दुसऱ्याने पिल्लं मागितली. तिसऱ्याला डाव्या बाजूच्या तिसऱ्या पायावरील एका केसाबद्दल शंका होती. तिच्या निरसनार्थ आणखी अठरा कोळी लागले. कमळाकर रविवारी मोटरसायकलवरून येत. काशीबाई कोरा चहा देत आणि स्वतः पानं उलटून कोळी शोधून देत. आपल्या शेतातल्या कुणाचं तरी नाव होतंय, याचा त्यांना अभिमान होता. दोन हंगामांत एकूण नमुने एक्केचाळीस. बेचाळिसावा सापडला नाही, पण तोवर गरजही उरली नव्हती.

निबंध छापून आला. कोळ्याला कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचं नाव देण्यात आलं. (हा नियम प्राणिशास्त्राचा नाही, संस्थेचा आहे. "जरा मोठं काही नव्हतं का?" एवढंच अध्यक्षांनी विचारलं.) 'आढळ' या सदरात लिहिलं: फक्त हे शेत. 'संख्या': विपुल, कारण एकाच शेतात एक्केचाळीस म्हणजे विपुलच. 'उपयुक्तता': वालाच्या पिकास अत्यंत हितकारक. विपुल प्राण्याला संरक्षण लागत नाही, त्यामुळे त्या भानगडीत कुणी पडलं नाही.

तिसऱ्या हंगामात बढती मिळाली. कमळाकर पेढे घेऊन शेतावर गेले, तेव्हा काशीबाई किडक्या शेंगांचा ढीग घालून बांधावर बसल्या होत्या.

"अर्धा वाल अळीनं खाल्ला, मास्तर. वर्साची डाळ गेली. त्या कोळ्यांतला एक जोडा तरी परत द्या."

"ते आता संग्रहालयात आहेत, काकी. कुलपात."

"मेले व्हय?"

"नाही, म्हणजे... नोंदले गेले."

कमळाकरांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि त्यांनी पेढ्यांसोबत निबंधाची रंगीत प्रत दिली. काशीबाईंनी त्यातला कोळ्याचा फोटो काठीला बांधून वालात उभा केला. अळ्यांवर परिणाम झाला नाही. निबंध इंग्रजीत होता.

आता वाचकांना कमळाकरांचा राग येईल, आणि तो रास्तच आहे. फक्त, गेल्या आठवड्यात मोरीत जो कोळी तुम्ही चपलेखाली घेतलात, तो कोणत्या जातीचा होता? कमळाकरांनी एक्केचाळीस मारले, पण प्रत्येकाकडे निदान बघितलं तरी.