‘वीस बाय दहा’चा अर्थ

हेमूदादांना त्यांच्या गाण्याचा अर्थ विचारला, की ते आधी खुर्ची पुसतात. कुंभवलीतल्या त्यांच्या ओटीवर लाल प्लास्टिकच्या चार खुर्च्या असतात. विचारणारा बसला, की शिंपी गिऱ्हाइकाकडे बघतो तसं ते त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि मग अर्थ सांगतात. तो अर्थ त्याच माणसाच्या मापाचा असतो. दुसऱ्या कोणाला तो पुन्हा मिळत नाही.

मी पालघरहून एका दैनिकासाठी बातम्या देतो. माझ्या वहीत या गाण्याचे सतरा अर्थ जमले होते, तेव्हाची ही गोष्ट. कोणाला सांगितला, कधी सांगितला, समोर कोण होतं, सगळं आहे. एकाच माणसाने एकाच गोष्टीबद्दल सतरा परस्परविरोधी निवेदनं दिल्याचं माझ्या नोकरीतलं हे एकमेव उदाहरण. पुढाऱ्यांची मजल सहा-सातच्या पुढे जात नाही.

हेमूदादा तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. पत्नी नाही, मुलगी लग्न होऊन गुजरातेत. कारखान्यात असताना त्यांनी चौघांचा रॉक बँड काढला होता. नाव ‘जनरल शिफ्ट’. का, तर ती दिवसाची पाळी चौघांनाही हवी होती आणि एकालाही कधी मिळाली नाही. गिटार बोईसरच्या जुन्या बाजारातून आणलेलं. ड्रमचा एक भाग कारखान्यातल्या रिकाम्या पिंपाचा. ‘आत काय होतं ते विचारू नका,’ असं हेमूदादा सांगतात, ‘वाजवल्यावर वास यायचा.’

बँडने एकूण पाच कार्यक्रम केले. पाचव्यात, कामगारांच्या स्नेहसंमेलनात, हे गाणं झालं आणि कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं. बँड मोडला, गाणं मात्र फिरत राहिलं. आज सफाळ्यापासून डहाणूपर्यंत पोरं ते म्हणतात. त्याचा मुखडा असा:

चौकात लावा माझा चेहरा,
वीस बाय दहा, वीस बाय दहा!
वारा सुटला की काढा मला,
छपरावर घाला, झोपून पहा!

वीस बाय दहा हे फ्लेक्सचं माप, फुटांत. बोईसरच्या नाक्यावर वाढदिवसाचे, निवडीचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स याच मापात लागतात. उतरले की कोणीतरी ते गावाकडे नेतं आणि गोठ्यावर, पेंढ्यावर किंवा घरावर टाकतं. महिनाभरापूर्वी हात जोडून उभा असलेला भावी नगरसेवक म्हशींवर हात जोडून आडवा होतो.

त्यामुळे कॉलेजच्या पोरांना गाणं राजकारणावरचं वाटतं. हेमूदादा त्यांना म्हणतात, “राजकारण नाय रे. हे गाणं तुज्या प्रोफाइल फोटोवर हाय.” भजनी मंडळाला त्यांनी सांगितलं, की चेहरा म्हणजे देह आणि वारा म्हणजे बोलावणं. मंडळाने मान डोलवली आणि गाणं भजनाच्या चालीवर घेतलं. कंत्राटी कामावरच्या एका बिहारी मुलाने विचारलं, “दादा, मतलब क्या है इसका?” त्याला उत्तर मिळालं, “मतलब ये, की गेट पास पे जो फोटो है ना, वो अकेला ही तेरे को पर्मनंट दिखता है.” तो मुलगा इतका हसला की खुर्चीचा पाय वाकला. ती खुर्ची हेमूदादांनी विटेचा तुकडा लावून तशीच ठेवली आहे.

एका उमेदवाराची माणसं तर गाणं प्रचाराला मागायला आली होती. त्यांनी दोनच ओळी ऐकल्या होत्या. हेमूदादांनी त्यांना चहा दिला आणि पुढच्या दोन म्हणून दाखवल्या. चहा अर्धा राहिला.

सतरावा अर्थ झाल्यावर मी त्यांना गाठलं. “दादा, यातला खरा कुठला?”

“सगळे.”

“सगळे खरे असू शकत नाहीत.”

“तुमी पेपरवाले,” ते म्हणाले, “तुमाला एका अपघातात मेलेले किती तो एकच आकडा लागतो. गाण्यात तसं नसतं.”

“हे गाणं कुणावर लिहिलं, एवढं तरी सांगा. तिथे एकच आकडा असेल.”

मग पुसलेली खुर्ची त्यांनी पुन्हा पुसली आणि बँडचा ड्रमवाला लहानू याच्याबद्दल सांगितलं.

लहानू मासवणचा. घरची थोडी वरकस जमीन, पावसावरची. कारखान्यात पॅकिंगला होता. पिंपाचा ड्रम त्याचाच. पाळी सुटली की दोघं नाक्यावर सायकल धरून उभे राहायचे आणि लहानू फ्लेक्स वाचायचा. नुसते बघायचा नाही, वाचायचा, खालच्या शुभेच्छुकांच्या नावांसकट. एकदा म्हणाला, “हेमूदादा, आपला लागल काय रे कदी?”

“मी बोललो, लावू की, तुज्या वाढदिवसाला लावू. कदी असतो? तो बोलला, एक जून.” हेमूदादा सांगत होते. “शाळेत मास्तरांनी लिवलेला एक जून. मी हसलो. बोललो, लेका, एक जूनला अर्धा तालुका जन्मलाय. नाक्यावर जागा मिळायची नाय. पुढल्या वर्षी आदीच बुक करू.”

पुढचं वर्ष आलं तेव्हा लहानू काविळीने गेला होता. मग जागाही मिळाली आणि मापही मोठं मिळालं. फोटो मात्र एकच सापडला, गेट पासवरचा, अंगठ्याएवढा. तो वीस बाय दहा केला तर जवळून नुसते चौकोन दिसत. रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीपाशी उभं राहिलं, की लहानू दिसायचा.

“पंधरा दिवस मी रोज रस पिलो,” हेमूदादा म्हणाले.

फ्लेक्स उतरवला तेव्हा लहानूच्या आईने तो मागून घेतला आणि घराच्या छपराला आतून लावला, छापील बाजू खाली. आडवी झाली की वर मुलगा. हेमूदादांनी ते एकदा बघितलं, दारातूनच. त्यानंतर ते मासवणला गेले नाहीत. गाणं त्याच आठवड्यातलं.

“छापू का?” मी विचारलं.

“छापा. खरं हाय ते. पण मंग...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अर्धवट वाक्य मी बातमीत घेत नाही.

खातरजमेसाठी मी मासवणला गेलो. म्हातारी घरी होती. चुलीच्या धुराने फ्लेक्स पार काळा झाला होता. शोकाकुल मित्रांची एक ओळ आणि कोपऱ्यातला छापणाऱ्याचा मोबाइल नंबर, एवढंच वाचता येत होतं. मी मान वर करून शोधत राहिलो तशी तिने काठी उचलली.

“यो डोला,” ती म्हणाली. “आन यो दुसरा. ही मिशी. त्याला शोबत नव्हती, मी किती सांगला.”

मला काळं छप्पर दिसत होतं. काठी मात्र कुठे अडखळली नाही. ते मी बातमीत घेतलं नाही. बाकी सगळं घेतलं. ‘लोकप्रिय गाण्याचा एकमेव अर्थ अखेर उलगडला’ असं शीर्षक दिलं. बातमी चांगली लागली. संपादकांचा फोन आला. कॉलेजच्या पोरांनी कात्रण एकमेकांना पाठवलं, भजनी मंडळाने चाल बंद केली. गाणं आता लोक हळू आवाजात म्हणू लागले.

महिन्याभराने कुंभवलीला दुसऱ्या एका बातमीसाठी गेलो, तेव्हा ओटीवर खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावलेल्या होत्या. वर धूळ होती. हेमूदादा पायरीवर बसून सायकलच्या चेनला तेल घालत होते. ती सायकल ते चालवत नाहीत.

“बसा,” ते म्हणाले. जागेवरून उठले नाहीत.

“कोणी आलं होतं का इतक्यात?”

“कोन येल? समद्यांना ठाऊक झालं ना आता.” त्यांनी चेन एकदा फिरवून बघितली. “दोन पोरं रस्त्याने गेली परवा. मी हाक मारली. लांबूनच हात जोडले त्यांनी. मयताला आल्यासारके.”

ते अर्धवट वाक्य कसं पुरं होणार होतं, ते मला तेव्हा समजलं. सहा वर्षं ते लोकांना अर्थ देत होते, पण खरा अर्थ दिला तर लोक घेऊन निघून जातील, हे त्यांना माहीत होतं. तरीही मी विचारलं म्हणून त्यांनी दिला.

आमच्या दैनिकात चौथ्या पानावर तळाला खुलाशाची जागा असते. मी आजवर तिथे तीनदा आलो आहे, दोनदा आडनावं चुकल्यामुळे आणि एकदा जिवंत माणसामुळे. चौथा खुलासा मी स्वतःहून दिला. संपादक म्हणाले, “अहो, बातमी बरोबर होती ना?” मी म्हणालो, एक शब्द चुकला आहे. तो असा छापून आला:

‘‘वीस बाय दहा’ या गाण्यासंबंधीच्या वृत्तात ‘एकमेव अर्थ’ असा उल्लेख झाला होता. त्यातील ‘एकमेव’ हा शब्द अनवधानाने छापला गेला. अन्य अर्थांसाठी कवी कुंभवली येथील राहत्या घरी दुपारी चारनंतर उपलब्ध असतात.’

त्या रविवारी मी गेलो, तर सफाळ्याची तीन पोरं ओटीवर बसली होती. चौथी खुर्ची, विटेवाली, माझ्या वाट्याला आली. हेमूदादा उभे होते, खांद्यावर पुसायचं फडकं.

“पेपरात आला तो एक झाला,” ते पोरांना सांगत होते. “पन गाना खरा म्हंजे त्या दोरीवर हाय. फ्लेक्सला चार कोपऱ्यांत दोरी असते, तिला कोन बगतो काय? तू बगतो? नाय ना?”

मी वही काढली, लहानूचा अर्थ अठरावा धरला आणि एकोणीस आकडा घातला.

पोरं गाणं म्हणत मोटरसायकलवर गेली, मोठ्याने. हेमूदादांनी खुर्च्या ओळीत लावल्या आणि दोरीचा विषय अजून चालू असल्यासारखं, माझ्याकडे न बघता विचारलं, “मासवणला तुमी आत गेलेले ना? घरात?”

“हो.”

“चेहरा हाय अजून?”

मी बघितलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवतो. ती सवय आहे. पण उत्तराला वेळ लागला नाही.

“आहे,” मी म्हणालो. “आईने दाखवला.”