चूक आली तरी पुढे चल

१०
चूक ही स्वतः कधीच चूक नसते. ती कुठल्या मजल्यावर घडली, यावर ते ठरतं. आमच्या रुग्णालयाने हे सत्य फार आधी ओळखलं. म्हणूनच पहिल्या मजल्यावर (कार्यालय) सहसा चुका होत नाहीत. त्या तळमजल्यावर (रुग्ण) होतात.

२०
परिचारिकांच्या पाळ्या पूर्वी मोठ्या सिस्टर हाताने लावत. त्यात माणुसकी शिरण्याचा धोका असे. म्हणून प्रशासक साहेबांनी एक मॅक्रो लिहून घेतला. मॅक्रो म्हणजे संगणकाकडून एकदाच घोकून घेतलेलं काम. बटण दाबलं की तो ते ओळीने आणि बिनतक्रार करतो. (बिनतक्रार हा शब्द साहेबांना फार आवडला.) ओळींना दहा-दहाच्या टप्प्याने आकडे दिले होते. इथेही तीच शिस्त पाळली आहे.

मॅक्रो लिहिला साहेबांच्या मेहुण्यांनी. निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली. इतर उमेदवारांपैकी एकाचीही बहीण साहेबांच्या घरी नव्हती.

३०
मॅक्रोने पहिल्या मजल्यावर मोठ्या सिस्टरांची रजा मंजूर केली. त्यांना ती हवीच होती: लेकीचं बाळंतपण परगावी, जावई जहाजावर, घरात दुसरं बाईमाणूस नाही. तळमजल्यावर, त्यांच्या प्रसूतिकक्षात, तोच मॅक्रो, तेच बटण, आणि पडद्यावर लाल अक्षरं: "बदली: ओळख नाही."

दोन्ही मजल्यांवरचे संगणक वेगळ्या वळणाचे. वरचा भिडस्त. अनोळखी नाव समोर आलं तर "असेल कोणी" म्हणून तो जागा रिकामी धरतो आणि पुढे सरकतो. खालचा चौकस. सिस्टरांच्या जागी बदली म्हणून कोण येणार, हे आधी सांगितल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. (बदली कोणी नव्हतंच. ती जागा भरायची राहून गेली होती. पण हा मुद्दा संगणकशास्त्रात मोडत नसल्याने विचारात घेतला नाही.)

४०
चूक शोधण्याची पद्धत शास्त्रीय होती. संगणक बंद करून चालू केला. मग चालू करून बंद केला. खालचा संगणक उचलून वर नेला, तिथेही अडला. म्हणजे दोष मजल्याचा नव्हता, ही मोठीच प्रगती. वरचा खाली आणणार होतो, पण त्यावर साहेबांचा चष्मा होता. अयशस्वी वेळा वगळल्या तर मॅक्रो शंभर टक्के यशस्वी ठरत होता.

"माझ्याकडे चालतंय," मेहुणे म्हणाले. ते हे दिवसभर म्हणत होते.

"मग भाऊ, बाळंतिणींना तुमच्याकडेच पाठवू का?" सिस्टरांनी विचारलं.

शेवटी बैठक बसली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती.

६०
सूचना मोलाची असल्याचं एकमताने मान्य झालं आणि चहा आला.

७०
चहा पिता पिता मेहुण्यांना उपाय सुचला. मॅक्रोच्या डोक्यावर त्यांनी एक ओळ घातली: चूक आली तरी पुढे चल. आता जी ओळ चालत नाही ती यंत्र गाळतं आणि पुढची घेतं. बोंब मारत नाही. खालच्या पडद्यावरची लाल अक्षरं त्याच क्षणी नाहीशी झाली.

साहेबांचे डोळे पाणावले. "अरे, नोकरीत आजवर मी दुसरं केलंय काय," ते म्हणाले.

८०
वरच्या मजल्यावर रजेची ओळ चालली: सिस्टर रजेवर. खाली ती गाळली गेली: सिस्टर प्रसूतिकक्षात हजर. दोन्ही पडदे निर्दोष. एकीकडे रजा खर्ची पडली, दुसरीकडे काम झालं. एकाच बाईला एकाच वेळी विश्रांती आणि पाळी दोन्ही देणारं दुसरं रुग्णालय आमच्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पिशवी भरून निघाल्याही होत्या. पण कक्षात दोघीजणी अडलेल्या, जागी कोणी नाही, आणि अडलेल्या बाईला "पुढे चल" म्हणून भागत नाही. पिशवी खुंटीला गेली.

९०
दुपारी लेकीचा फोन आला. आई मोबाइल उचलत नव्हती (तो पिशवीत होता), म्हणून तिने कार्यालयात लावला. कारकुनाने पडदा पाहून धीर दिला.

"ताई, अजिबात काळजी करू नका. त्या सकाळपासून रजेवर आहेत. तुमच्याकडेच यायला निघाल्या असतील."

"अहो पण पोचली नाहीये अजून. मला कळा सुरू झाल्यात."

"पोचतील की. इथे स्पष्ट दिसतंय."

लेक दाराकडे डोळे लावून बसली. त्याच वेळी बरोबर त्या कारकुनाच्या खुर्चीखालच्या मजल्यावर तिची आई दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीचा हात धरून म्हणत होती, "घाबरू नकोस बाळा, मी आहे ना, इथेच आहे." (हे विधान फक्त तळमजल्यावर ग्राह्य.)

१००
नात झाली. शेजारणीने निभावलं. सिस्टरांना हे पाळी संपल्यावर, पिशवी खुंटीवरून काढताना कळलं. त्या वर येऊन काही बोलल्या नाहीत. वरच्या मजल्यावर त्या अजून रजेवर होत्या.

मॅक्रो आता सर्व विभागांत बिनबोभाट चालू आहे. हा वृत्तांतही त्यातूनच काढला असल्याने त्यात चूक सापडणार नाही. ओळ ४० नंतर ओळ ६० आली. मधल्या ओळीत सिस्टर बैठकीत काय म्हणाल्या ते होतं. ती आमच्याकडे चालली नाही, म्हणून गाळली. याबद्दल एकाही वाचकाची तक्रार नाही. तुम्हीसुद्धा चहाला अगदी वेळेवर पोचलात.