आधी माशी म्हणा

"कोळी म्हणा आणि मोकळे व्हा!" शामलाबाईंनी नवऱ्याला चहाबरोबरच बजावलं. "माझी शाळेतली नोकरी आत्ता कुठं पक्की झालीये. मी काही भोपाळला यायची नाही, बताए देती हूँ!"

भालचंद्ररावांनी चहा बशीत ओतला. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होत होता आणि त्या धांदलीत ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळच्या सरकारी कीटकसंग्रहाचीही वाटणी निघाली होती. माश्या भोपाळला, कोळी-विंचू ग्वाल्हेरला. आणि ज्याचं कपाट जिकडे, तो माणूसही तिकडे. भालचंद्ररावांच्या कपाटात होत्या वटवाघळांचं रक्त पिणाऱ्या बिनपंखी माश्या. दिसायला थेट कोळी. एक शब्द फिरवला की बदली टळत होती. पण अर्धं आयुष्य ज्यांच्यात घातलं त्या माश्यांना कोळी म्हणायचं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं.

वाटणीचे साहेब मानसिंगराव मोठे भले गृहस्थ. ते म्हणाले, "पंख नाहीत, उडत नाही, मग माशी कसली? कोळी लिहून टाकतो. घर बैठे काम झालं तुमचं!"

"साहेब, पाय मोजा. सहा आहेत. कोळ्याला आठ असतात."

"अहो, मग दोन पाय मी मंजूर करतो!"

भालचंद्ररावांनी खिशातून काडेपेटी काढून उघडली. पहाटेच किल्ल्यावरच्या एका वटवाघळाच्या अंगावरून पकडलेली जिवंत माशी आत होती. मानसिंगराव पाय मोजायला वाकले, तोच ती तुरुतुरु धावत त्यांच्या बाहीत शिरली.

"कोळी! अरे कोळी! निकालो!" साहेब खुर्चीवर चढले.

"कोळी असेल तर तो माझ्या कपाटातला नव्हे," भालचंद्रराव हाताची घडी घालून म्हणाले. "आधी माशी म्हणा, मग काढतो."

"काखेत पोचलं हो!"

"पाय किती?"

"सहा! सहा! माशी आहे, मेरे बाप, माशी!"

भालचंद्ररावांनी साहेबांचा कोट उतरवून माशी अलगद चिमट्यात धरली. साहेबांनी घाम पुसला आणि दिल्या शब्दाला जागून हुकमावर 'माशी' असं लिहिलं. भालचंद्ररावांना कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. खासगी बाजार पेठेतलं घर त्यांनी जवळजवळ धावतच गाठलं.

शामलाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ती बाहीत होती, आणि साहेब तुम्ही सांगाल ते म्हणायला तयार होते?"

"एकदम तयार!" भालचंद्रराव अजून हवेतच होते.

"मग 'भालचंद्रराव ग्वाल्हेरातच राहतील' एवढं म्हणवून घेऊन काढायची होती ना हो!"