सत्तावीस नंबरचा बिल्ला

संध्याकाळचे सहा वाजले की आमचे घरमालक ढोबळेमामा दारातल्या गाडीत शिरायचे आणि हजेरी घ्यायचे. माणसांची नव्हे, सामानाची. "तवा?" असं ते खड्या आवाजात विचारायचे आणि आतून उत्तर यायचं, टक्! "पक्कड?" टक्! "कंदील?" टक्! आम्ही भोसरीत नवे भाडेकरू म्हणून आलो त्या पहिल्याच संध्याकाळी हे ऐकलं आणि आमच्या हिचा हात कणकेतच थांबला.

"अहो, ओ कोण देतंय?"

दुसऱ्या दिवशी मी चोरासारखा खिडकीतून डोकावून आलो. ओ देणारे मामाच होते, प्रत्येक वस्तूवर चमचा आपटून. हिला तसं सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही. कारण सगळी नावं संपली की मामा अगदी हळू आवाजात आणखी एक काहीतरी विचारायचे, आणि त्यावर टक् यायचं नाही. मिनिटभर नुसती शांतता. मग गाडीचं दार लागायचं.

गाडी म्हणजे मी नोकरीला होतो आणि मामाही जिथं होते, त्या आमच्याच कंपनीची जुनी ॲम्ब्युलन्स. मामा रिटायर झाले त्याच महिन्यात ती भंगारात निघाली आणि त्यांनी लिलावात उचलली. वरून आकाशी रंग मारला. पण मारला कसला, ऊन तिरपं झालं की खालचा तांबडा क्रॉस हळूच वर यायचा. त्यात सगळ्या आळीला ठाऊक होतं, की मामी गेल्या त्या याच गाडीत. दम्याचा झटका आला, पुण्याच्या दवाखान्याकडे निघाले आणि दापोडीच्या पुलावरच खेळ आटोपला. आता मला सांगा, बायको जिच्यात गेली ती गाडी कोणी विकत घेऊन दारात उभी करतं का? आळीतल्या बायका तिच्या सावलीतूनही जात नसत.

आणि मामा त्या गाडीत संसार मांडत होते. मामींनी समुद्र पाहिला नव्हता. "रिटायर झालो की दावतो," असा मामांनी त्यांना शब्द दिला होता. शब्द दिलेली बाई उरली नाही, पण शब्द राहिला. मामा साठीला गाडी शिकले, तिसऱ्या खेपेला लायसन्स काढलं, आणि रोज सांगायचे, "लातूरकर, येत्या ऐतवारी निगतो." मी लातूरचा, म्हणून लातूरकर. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. असे चाळीसेक ऐतवार मी स्वतः पाहिले. गाडी समुद्राकडे काही निघत नव्हती. "अजून एक खिळा रिकामा हाय," एवढंच कारण.

हे खिळ्याचं प्रकरण कळायला मामांची नोकरी कळली पाहिजे. अठरा वर्षं ते कंपनीत हत्यारांची खोली सांभाळत होते. त्या खोलीत भिंतभर फळ्या, फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या पान्याचा, हातोडीचा आकार काळ्या रंगानं काढलेला. हत्यार उचललं की भिंतीवर त्याची सावली तेवढी उरायची. कामगारानं खिडकीतून आपला पितळी बिल्ला द्यायचा. मामा हत्यार देणार आणि रिकाम्या खिळ्यावर तो बिल्ला लटकवणार. हत्यार कुठंय? बिल्ल्यावरचा नंबर बघा, त्याच्याकडे. इतकं साधं. "डोळं मिटून हात घातला तरी वस्तू हाताला लागली पायजे," हा मामांचा मंत्र. साहेबाचा बिल्ला नसेल तर साहेबालाही स्क्रू ड्रायव्हर मिळत नसे.

तीच शिस्त गाडीत. जड सामान खाली, हलकं वर, आधी लागणारं शेवटी भरायचं. स्टोव्ह चाकाच्या उंचवट्याला टेकवून पट्ट्यानं बांधलेला. तांदूळ, डाळ, मीठ चौकोनी डब्यांत, गोल डब्यावर त्यांचा राग, "कोपरा वाया जातो." स्ट्रेचर हाच पलंग, त्याखाली घोंगडी आणि दोर. डावी भिंत मामांची, उजवी मामींची. हो, मामींची! तिथं आरसा, कुंकवाची डबी, बांगड्या, केसांसकट कंगवा, आणि प्रत्येकामागे काळ्या रंगात काढलेली त्याची सावली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. "कंगवा तरी धुवा की हो मामा," मी म्हटलं. "तिची वस्तू हाय. ती बगंल," ते म्हणाले.

हिनं तर दुसरी खोली बघा म्हणून माझ्यामागे भुणभुण लावली होती.

अशात एका रविवारी भर दुपारी मामांनी मला पकडलं. "लातूरकर, आवाज तपासायचाय. मी गाडी खड्ड्यातनं घालतो, तुमी आत निजा. कोन वाजतंय ते सांगा." नाही म्हणायची सोय नव्हती. मी त्या स्ट्रेचरवर उताणा पडलो. मामांनी बाहेरून दार ओढून घेतलं. आळंदीच्या रस्त्याला गाडी लागली, आणि सांगतो राव, भर उन्हात माझे हातपाय गार पडले. डबे गप्प, तवा गप्प, बांगड्यासुद्धा गप्प. पण डोक्याशी एकच बारीक आवाज येत होता. किण्... किण्...

मान वळवली. उशापाशी एक खिळा होता. खाली काढलेली सावली होती एका छोट्या चौकोनी तोंडाच्या चावीची, आणि चावीच्या जागी एक पितळी बिल्ला हलत होता. नंबर सत्तावीस.

गाडी थांबली. मामांनी दार उघडलं. "कोन वाजतंय?"

"बिल्ला," मी म्हटलं. "मामा, सत्तावीस नंबर कोणाचा?"

मामा पायरीवर बसले.

"माजा."

मग ते सांगत गेले, सामानाची यादी वाचावी तसे. "वर्साची हत्यारांची मोजनी चालली व्हती. या गाडीत आक्सिजनच्या टाकीमागं चावी नुसती पडलेली दिसली. म्हनलं, हत्यार हाय, हत्यारांच्या खोलीत पायजे. नेली. तेल लावलं. फळीवर तिचा आकार काडला, लई ब्येस काडला. तीन आठवड्यांनी हिला झटका आला. टाकी भरलेली व्हती, लातूरकर, पन चावीबिगर ती उघडत न्हाई. ड्रायवर चावी हुडकत व्हता, खाली, शिटामागं. मी हितं बसलो व्हतो, हिचं डोस्कं मांडीवर घिऊन. मला ठावं व्हतं चावी कुटं हाय. डोळं मिटून सांगितलं असतं, दुसरी रांग, चौथा खिळा. चावी हरवली न्हवती. चावी जाग्यावर व्हती."

मी विचारलं, "मग तुम्ही ती परत का नाही आणून लावली?"

"कुनाच्या नावावर आनू? माजा बिल्ला तर हितं अडकलाय. रिटायर झालो तवा बिल्ला जमा करायचा असतो, तर हरवला म्हनून लिवून दिलं. अठरा वर्सांत तेवडं एक खोटं."

म्हणजे रोज संध्याकाळी शेवटी हळूच विचारत होते ती ही चावी. या माणसाला आपण वेडा समजत होतो.

सोमवारी मी हत्यारांच्या खोलीच्या खिडकीत माझा बिल्ला ठेवला. "दुसरी रांग, चौथा खिळा." नवा माणूस फळीकडे बघून म्हणाला, "ही चावी कशाची तेच कळत नाही. आजवर कुणी मागितली नाही." चावी तेलानं लखलखत होती. मामा निवृत्तीच्या दिवसापर्यंत तिला तेल लावत होते.

संध्याकाळी सहाला मी गाडीपाशी गेलो. मामांची हजेरी संपत आली होती. मी चावी पुढे केली. मामांनी आधी चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गेटपास?"

मी गेटपास दाखवला. तो त्यांनी दोनदा वाचला. मग चावी घेतली. मला वाटलं, आता लावतील खिळ्याला. तर म्हणाले, "तुमी आत जा."

मी आत गेलो. दार बंद झालं. जरा वेळानं बाजूची काच सरकली आणि खिडकीत मामा उभे दिसले, शर्टाची वरपर्यंत बटणं लावून, कामगार उभा राहतो तसे. त्यांनी चावी आत धरली. "परत," म्हणाले.

"मामा, तुम्हीच लावा ना तुमच्या हातानं."

"न्हाई. ज्यानं नेलं त्यानं आपला बिल्ला आपल्या हातानं काडायचा नसतो. आतल्या मानसानं वस्तू तपासायची आन मग बिल्ला द्यायचा."

आतल्या माणसानं. आत मी होतो, आणि माझ्या पाठीशी ते स्ट्रेचर होतं. त्यावर मामींचं हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं. मी मागे वळून पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू, धाडसच झालं नाही. चावी घेतली, दोन्ही बाजूंनी नीट तपासली, खिळ्याला अडकवली. ती काळ्या सावलीत तंतोतंत बसली. वर चमच्यानं वाजवली. टक्!

बाहेर मामांनी डोळे मिटले. मी बिल्ला काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ लगेच मिटली नाही. माझ्या खांद्यावरून ते मागे, स्ट्रेचरकडे बघत होते.

"मिळाला गं," ते म्हणाले.

त्या ऐतवारी भल्या सकाळी गाडी खरंच निघाली. आमच्या हिनं दशम्या बांधून दिल्या, त्यासुद्धा चौकोनी डब्यात. कोपऱ्यावर मोठा खड्डा आहे, तिथं मी मुद्दाम कान देऊन उभा राहिलो. मामांनी गाडी त्याच खड्ड्यातून घातली. आत काही वाजलं नाही.