रिंग रोडवरचं बारसं

पाळण्याच्या चार साखळ्यांपैकी एक साखळी बाकीच्यांपेक्षा एका कडीने लांब होती. त्यामुळे पाळणा टांगला की उशाकडची डावी बाजू किंचित खाली जायची. इतकी किंचित, की वाटी ठेवली तर घसरली नसती, पण गोटी ठेवली तर नक्की घरंगळली असती. क्षमाच्या हे कालच लक्षात आलं होतं. तिची आई, नयनाताई, पुण्याहून रेल्वेने हा पाळणा घेऊन बंगळुरात, यशवंतपूरला क्षमाकडे उतरली, तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाने त्याला हात लावून कौतुक केलं होतं आणि ही गोष्ट कुणालाही दिसली नव्हती. क्षमाने ती सांगितलीही नाही. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. तिला दिसायचं पुष्कळ; बोलायची वेळ आली की मात्र आणखी थोडा विचार करावासा वाटायचा.

आज तिला बोलायचंच होतं. तिच्या भावाच्या, मुकुलच्या, मुलीचं बारसं होतं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं. खरं म्हणजे बारसं बाराव्या दिवशी व्हायचं. हे बाळ पालथं पडायला लागलं, वरणाचं पाणी पिऊन झालं, तरी त्याला नाव नव्हतं. नयनाताईंना 'भूमिका' हवं होतं. मुकुलच्या सासूबाई गोजराबाई, ज्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचंच, त्यांना आपल्या सासूचं नाव हवं होतं, 'अंबूबाई'. दोन्ही आज्या इतक्या अडून बसल्या की शेवटी मुकुलने आत्याच्या हक्काचा तोडगा काढला.

"हक्क तुझाच गं," नयनाताई म्हणाल्या होत्या. "नाव फक्त भूमिका ठेव."

गोजराबाईंनी फोन केला होता. त्यांच्या मराठीत कानडी मिसळायचं; 'ठीक'ला त्या 'सरी' म्हणायच्या. "क्षमाअक्का, तुम्ही म्हणाल ते सरी. अंबूबाई म्हटलं की झालं."

क्षमाने त्यावर एक भित्रा उपाय शोधला होता. एका कानात एक नाव, दुसऱ्या कानात दुसरं, दोन्ही इतकी हळू सांगायची की पुढचं भांडण दोघींनी आपसात करावं. कारण तिच्या मनात तिसरंच एक नाव होतं. बाळ पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हापासून होतं. पण ते तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आईसमोर आपणहून बोलायचं धाडस तिला कधीच झालं नव्हतं.

"चला, निघू या. रिंग रोडने जाऊ," उमाकांत म्हणाला.

क्षमाचा नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. शहराभोवती तुकड्यातुकड्यांनी तयार होत असलेल्या रिंग रोडवर त्याचा इतका जीव होता की दर रविवारी तो पीण्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला जाऊन खडी किती पडली ते बघून यायचा. वर्तमानपत्रात आलेला हेब्बाळच्या भावी उड्डाणपुलाचा आराखडा कापून त्याने फियाटच्या डॅशबोर्डवर चिकटवला होता.

"उमाकांतराव, गावातून गेलो तर?" नयनाताईंनी विचारलं.

"आई, गावातून बैलगाडीसुद्धा जाते. हा रस्ता बघा. मध्ये दुभाजक, सिग्नल नाही, गर्दी नाही. थेट मारतहळ्ळी, बारशाच्या घरी. पोचून पाळण्याला फुलं बांधायलाही वेळ मिळेल."

पाळणा टपावर बांधला. नयनाताई घुगऱ्यांचा मोठा डबा मांडीवर घेऊन मागे बसल्या. घाई होती, कारण गोजराबाईंनी बजावलं होतं: साडेचारला राहुकाळ लागतो, त्याच्या आत नाव पडलंच पाहिजे. पुढे अधिक महिना. आणि आत्या वेळेवर आली नाही, तर आपली अज्जी आहेच की नाव ठेवायला.

"म्हणजे त्याच ठेवणार," नयनाताई दात आवळून म्हणाल्या. "उमाकांतराव, चालवा."

रस्ता खरोखरच सुंदर होता. काळा, रुंद, नवा. उमाकांतने खिडकीची काच खाली केली आणि डांबराचा वास अत्तरासारखा आत घेतला. क्षमानेही आपली काच खाली केली. एवढा मोकळा रस्ता तिने बंगळुरात पाहिलाच नव्हता. हेब्बाळच्या तळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे मातीचे डोंगर, लोखंडी सळयांची जंगलं आणि एका ड्रमवर रंगवलेला बाण होता. बाण सरळ जा म्हणत होता.

"चूक आहे तो," उमाकांत म्हणाला. त्याने डॅशबोर्डवरच्या आराखड्यावर बोट ठेवलं. "उजवीकडे जायचं तर आधी डावीकडे वळायचं, मग गोल फिरून वर यायचं. याला क्लोव्हरलीफ म्हणतात, आई."

"ते 'वर' कुठे आहे?" क्षमाने हळूच विचारलं.

पण फियाट वळली होती. ती गोल फिरली, छान फिरली, अगदी आराखड्याप्रमाणे फिरली, आणि एका मातीच्या ढिगाऱ्यासमोर येऊन थांबली. ढिगाऱ्यावर एक म्हैस उभी होती.

"पूल इथून सुरू होतो," उमाकांत म्हणाला.

"कधी?" नयनाताईंनी विचारलं.

मागे फिरावं तर मागे खडीचा टिपर येऊन उभा राहिलेला. त्याने वाट दिली ती दुसऱ्याच बाजूने, आणि त्या बाजूने बाहेर पडल्यावर कळलं की आपण परत यशवंतपूरकडे चाललोय. वळावं म्हटलं तर मध्ये दुभाजक. सलग, सुबक, कुठेही फट नसलेला. ज्या दुभाजकाचं उमाकांतने घरापासून कौतुक केलं होतं, त्याच्याकडे आता तो बघेना.

"अहो, हा संपतो कुठे?"

"संपायला नकोच. तीच तर गंमत आहे या रस्त्याची."

शेवटी एक फट सापडली. तिथे शहाळी विकणारी बाई बसली होती. परत हेब्बाळला आले, तर या वेळी बाण दुसऱ्या दिशेला होता. कुणीतरी ड्रम सरकवला होता. उमाकांतने आता बाण पाळला. बाणाने त्यांना पुन्हा शहाळ्यांपाशी आणलं.

"मत्ते बंद्रा?" बाई हसून म्हणाली. पुन्हा आलात का, एवढं कानडी नयनाताईंनाही समजलं.

"हिला विचारा आता," त्या म्हणाल्या. "हिला रस्ता नसेल माहीत, पण आपल्याला ओळखते तरी."

तिसऱ्या खेपेला क्षमा गाडीतून उतरली, टिपरच्या ड्रायव्हरशी बोलली आणि त्याच्या मागोमाग गाडी घ्यायला लावून हेब्बाळ पार करून दिलं. पण तोवर उन्हं कलायला लागली होती. पुढे पहिला टेलिफोन बूथ दिसताच तिने मुकुलला फोन लावला.

"ताई, तू आहेस कुठे? इथे सासूबाईंनी कुंकवाचा करंडा हातात घेतलाय."

"रिंग रोडवर."

"रिंग रोडवर कुठे?"

क्षमाने बाहेर बघितलं. डांबर, आभाळ, एक शेळी. "रिंग रोडवर," ती म्हणाली.

मागून गोजराबाईंचा आवाज आला. "स्वल्प घाई करायला सांग त्यांना. तिकडून ते येतायत, इकडून आपण जाऊ. मध्ये भेटू. मी राहुकाळात नाव पडू द्यायची नाही." त्यांच्या मुलाचा, नागोजीचा, मॅटाडोर दारात होताच. मुकुल, त्याची बायको यशश्री, बाळ, गोजराबाई आणि फुलांची परडी, सगळे त्यात चढले.

आता दोन गाड्या एकाच रस्त्यावरून एकमेकींकडे धावत होत्या. क्षमाच्या मनाने आपोआप गणित मांडलं, आणि त्या गणितातली खोट तिच्या लक्षात येईपर्यंत समोरून निळा मॅटाडोर आला, दुभाजकापलीकडून हॉर्न वाजवत गेला आणि मागे पडला. खिडकीतून गोजराबाईंचा हात बाहेर होता.

"अरे, तेच होते," उमाकांत म्हणाला. "वळतो मी."

पुढची फट बरीच लांब होती. तो वळला, वेगात मागे आला. आणि दुभाजकापलीकडून निळा मॅटाडोर समोरून आला. तोही वळला होता. या खेपेला खिडकीतून यशश्रीने बाळाला उंच धरलं होतं.

"बाळ गोड आहे हो," नयनाताई मान वळवून म्हणाल्या. "आपल्यावर गेलंय."

"अहो, पुन्हा वळू नका," क्षमा म्हणाली. "आपण वळलो की तेही वळणार. दोघांपैकी कुणीतरी एका जागी उभं राहिलं पाहिजे."

"ते उभे राहणार नाहीत. नागोजी उभा राहणाऱ्यातला नाही."

"म्हणून आपण उभं राहू."

फियाट थांबली. थोड्या वेळाने मॅटाडोर मागून आला, न बघता भरधाव पुढे गेला, तिकडून वळून परत आला आणि मग कुठे त्यांना बघून बरोबर समोर थांबला. समोर, म्हणजे रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. इथे दुभाजक अजून झालाच नव्हता. त्याच्या जागी शहराला कावेरीचं पाणी पुरवणारे पाइप टाकण्यासाठी खणलेला चर होता, दोन पुरुष खोल, आणि तळाशी पाणी. चराच्या या काठावर पाळणा, आत्या आणि घुगऱ्या. त्या काठावर बाळ, आई आणि करंडा. मध्ये एक रोलर धडधडत होता.

कामावरचे सुपरवायझर शेषगिरी टोपी सावरत आले. प्रकरण ऐकून घेतलं. "फळी आहे मॅडम, पण पार तिकडे, पुढच्या वळणाशी. आणि लहान बाळाला घेऊन फळीवरून नको." त्यांनी घड्याळ बघितलं. राहुकाळ त्यांच्याही घरी पाळत असावेत, कारण त्यांचा चेहरा गंभीर झाला. "इथूनच सांगा."

"कानात सांगायचं असतं," क्षमा म्हणाली.

"आवाज कानातच जातो, मॅडम." त्यांनी हात वर केला आणि रोलर बंद पडला. मग काँक्रीट कालवणारं यंत्र थांबलं. घमेली खाली ठेवून कामावरच्या बायका चराच्या काठाशी गोळा झाल्या. उमाकांतने घाईघाईने पाळणा टपावरून उतरवून बॉनेटवर ठेवला. एवढ्या मोठ्या रस्त्यावर अचानक इतकी शांतता पसरली की पलीकडे बाळाने जांभई दिलेलीसुद्धा कळली.

क्षमाचे हात गार पडले. दोन कानांत दोन नावं सांगायचा उपाय आता चरात गेला होता. इथे एकच नाव चालणार होतं, आणि तेही ओरडून.

तेवढ्यात नयनाताई काठाशी आल्या. चराकडे, पाळण्याकडे आणि पलीकडच्या करंड्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. "गोजराबाई," त्यांनी हाक मारली, "एवढी लांब आलात बाळाला घेऊन. तुमचंच राहू दे. अंबूबाई ठेवू."

नेमकं त्याच क्षणी पलीकडून आवाज आला, "नयनाअक्का, तुम्ही पुण्याहून पाळणा आणलात. तुमचंच असू दे. भूमिका म्हणा, सरी."

दोघी थबकल्या.

"छे छे, अंबूबाईच," नयनाताई म्हणाल्या. "थोरामोठ्यांचं नाव आहे."

"नाही अक्का, भूमिकाच. आजकालच्या पोरींना शोभतं."

"मी सांगते ना, अंबूबाई."

"आणि मी काय म्हणतेय मग? भूमिका."

दोघींचे आवाज चढू लागले. नागोजी आईची बाजू घेऊन भूमिकासाठी भांडायला पुढे झाला. मुकुलने कपाळाला हात लावला.

"बघ," उमाकांत क्षमाच्या कानाशी कुजबुजला, "दोन्ही गाड्या वळल्या."

क्षमाला हसू फुटलं. ते आवरता आवरता तिच्या लक्षात आलं की आपले हात आता गार नाहीत. पलीकडे यशश्री बाळाला घेऊन उभी होती आणि सरळ तिच्याकडे बघत होती.

"मॅडम," शेषगिरी म्हणाले, "टाइम होतोय. मला रोलर सुरू करायचाय. एकच नाव, स्वल्प जोरात."

क्षमा अगदी काठाशी जाऊन उभी राहिली. "आई, थांब जरा," ती म्हणाली. "गोजराअक्का, तुम्हीसुद्धा. मी आत्या आहे."

नयनाताई एक पाऊल मागे सरल्या. मुलीचा हा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

"यशश्री, तिचा कान इकडे कर."

यशश्रीने बाळाचं टोपडं सरकवून तिचा कान चराकडे केला. क्षमाने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि "कुर्रर्र" केलं. कामावरच्या बायकांना या रिवाजाचा काही पत्ता नव्हता; पण नयनाताईंनी सवयीने लेकीच्या पाठीत धपाटा घातला, तो बघून त्यांनीही आपापले डांबराचे हात पुढे करून मनापासून धपाटे घातले. नव्या साडीवर काळे पंजे उमटले. क्षमाने ते बघितलंही नाही. ती बघत होती त्या मुलीकडे, जी पुण्यात जन्मली नव्हती आणि अंबूबाईंच्या काळातही नाही; जी याच गावात जन्मली होती, आणि नुकतीच याच गावचं पाणी वाटी-चमच्याने प्यायला लागली होती.

तिने छातीभर श्वास घेतला.

"हिचं नाव," ती रस्त्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कावेरी."