आप्पाजी आणि गोळीतले पाहुणे

आमच्या शेजारचे आप्पाजी कुठलीही गोळी घेण्याआधी तिचं सगळं खानदान विचारून घेतात.

बड्या बाजारातल्या मेडिकलवाल्याला आता त्याची सवय झालीय. गोळ्यांची पट्टी हातात पडली की आप्पाजी खिशातून भिंग काढून तिच्यावरची घटकांची यादी वाचतात. "औषध एक आणि पाहुणे सात! रंग कौनसा डाला है, भैया?" एकदा तो वैतागला. "आप्पाजी, दवा लेनी है या रिश्ता करना है?" आप्पाजी शांतपणे म्हणाले, "रिश्ता ही समझो. पेट में रहने आ रही है."

आप्पाजी गणिताचे निवृत्त मास्तर, पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेल्या मराठी घरातले. लग्न होऊन मी नाशिकहून इथे आले, तेव्हा चार शब्द मराठी बोलायला मिळतील म्हणून त्यांच्याकडे जाऊ लागले. मिळाले ते सगळे गोळ्यांबद्दल. कॅप्सूलचं कवच कशाचं, गोळीत दुधातली साखर कशाला! मला हसू यायचं.

गेल्या वर्षी तापाची गोळी घेतली आणि तासाभरात माझ्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरांच्या इंजेक्शननं उतार पडला. 'मला तापाच्या औषधाची ॲलर्जी आहे' असं मी सांगत सुटले. आप्पाजींनी मात्र ती पट्टी मागून घेतली.

"हे औषध आधी घेतलं होतंस?"

"लहानपणापासून घेतेय. पांढरी गोळी असायची."

"बेटा, ही पिवळी आहे."

ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दवाखान्यातच बसवून, लक्ष ठेवून, त्याच औषधाची पांढरी गोळी दिली. काहीही झालं नाही. "एलर्जी रंग से ही लगती है," डॉक्टर म्हणाले. "कम होता है, पर होता है."

परतताना मी थट्टेनं विचारलं, "गणित सोडून हे कधी शिकलात?"

आप्पाजी चालता चालता सांगू लागले.

"तुझ्या काकूला एकदा इंजेक्शननं पुरळ उठलं होतं. तिनं सांगितलं तेव्हा मी पेपर तपासत होतो. नुसतं 'हं' म्हणालो. पुढे मोठ नावाच्या गावी लग्नाला गेलो, तिथे ती तापानं बेशुद्ध झाली. डॉक्टरांनी मला विचारलं, हिला कशाची ॲलर्जी? मी म्हणालो, कशाची नाही. इंजेक्शन तेच होतं. ती परत आली नाही."

फाटकाशी त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर ठळक अक्षरात त्या रंगाचं नाव होतं.

"पर्समध्ये ठेव. आणि नवऱ्याला सांग. समोर बसवून सांग."

त्या संध्याकाळी मी टीव्ही बंद केला आणि नवऱ्याला समोर बसवलं.