खरे टॅग

दादा चाळीस वर्षं दप्तरखान्यात कारकून होते. गठ्ठ्यावर लिहिलंय तेच आत निघालं पाहिजे, एवढंच नोकरीने त्यांना शिकवलं. निवृत्तीनंतर घरातले नऊ हजार फोटो संगणकावर लावायला घेतले, तेव्हाही त्यांनी नियम केला : टॅग खरा असावा, गोड नसावा. बायकोच्या सहलीतल्या फोटोला त्यांनी टॅग दिले : ‘डोंगर, सूर्यास्त, रुसवा, कारण मीच.’

त्याच सुमारास धाकटा भाऊ इमारतीच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. याआधी दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा आपटलो तर घर विकून जाईन, असं त्याने सगळ्या मजल्यांवर सांगून ठेवलं होतं.

“दादा, माझा एक बरासा फोटो पाठव.”

दादांनी पाठवला. टॅग फोटोच्या पोटातच राहतात आणि उमेदवारांचे फोटो दाखवायला इमारतीच्या दारापाशी लावलेल्या पडद्याला ते वाचता येतात, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. भावाच्या हसऱ्या चेहऱ्याखाली ठळक अक्षरांत उमटलं : ‘केस रंगवलेले. पोट आत ओढलेलं. लिफ्टचं दार उघडं टाकतो. सभेत झोपतो. घोरतो.’

भाऊ धापा टाकत वर आला. “अरे, वैरी परवडला! काढ ते!”

“टॅग काढायला कारण लागतं. यातला खोटा कुठला?”

भावाने बराच विचार केला. “मी घोरत नाही.”

“भाऊजी, आम्ही तुमच्या खालच्या मजल्यावर राहतो,” दादांची बायको म्हणाली. “आणि पोट सोडा आता, चेहरा निळा पडलाय.”

विरुद्ध बाजूला दंतवैद्य उभे होते. त्यांच्या फोटोखाली त्यांनी स्वतःच दिलेले टॅग झळकत होते : ‘मनमिळाऊ. शांत. निःस्वार्थी.’ दुसऱ्या दिवशी रखवालदाराने त्यांना दारातच अडवलं.

“पडद्यावरचे साहेब मनमिळाऊ आहेत. तुम्ही बारा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.”

दंतवैद्य कडाडले. रखवालदाराने वहीत लिहिलं : ‘शांतही नाहीत. ओळख पटत नाही.’ तेवढ्यात भाऊ लिफ्टचं दार उघडं टाकून बाहेर आला. रखवालदाराने त्याला कडक सलाम ठोकला.

भाऊ प्रचंड मतांनी निवडून आला. ‘याचं सगळं बाहेर आलंय, नवीन काही निघायचं नाही,’ असं लोकांचं म्हणणं पडलं. पहिल्याच सभेत अध्यक्ष घोरू लागले, तेव्हा दिलेला शब्द पाळला म्हणून टाळ्या झाल्या. त्या भरात ठराव एकमताने मंजूर झाला : प्रत्येक रहिवाशाचा फोटो खऱ्या टॅगसह पडद्यावर लागावा. काम दादांकडे.

सकाळी दादांच्या दारात जिन्यापर्यंत रांग लागली. जो तो फोटो पुढे करी आणि दादांच्या कानात भराभर टॅग सांगे. एकाने तर पुरवणी जोडली होती. दुपारपर्यंत सत्तावन्न फोटो जमले.

“झाले का सगळ्यांचे?” बायकोने विचारलं.

“झाले. पण स्वतःचा एकानेही आणला नाही. सगळे शेजाऱ्यांचे आहेत.”

वाचकहो, हे वाचताना तुम्हीही कुणासाठी तरी दोन-चार टॅग मनात जुळवले असतील. निवांत आणून द्या. तुमचा फोटो कालच आला आहे.